चष्म्याच्या दुकानातला शर्ट

मागच्या महिन्यात मोबाइल दुरुस्त करायला विरारच्या एका दुकानात गेलो होतो. काउंटरमागच्या तरुणाच्या टी-शर्टवर इंग्रजीत चार शब्द छापलेले होते. त्यातला एक असा, की मी तो इथे लिहिला तर संपादक गाळतील आणि ते बरोबरच करतील. माझ्या शेजारच्या बाईंनी मालकाकडे तक्रार केली. मालक म्हणाला, "मावशी, फॅशन आहे ती. कोण वाचत बसतंय?" बाई माझ्याकडे वळल्या. माझे पांढरे केस बघून त्यांना आधार वाटला असावा. "काका, तुम्हीच सांगा, गिऱ्हाइकासमोर असले कपडे चालतात का?"

मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर आलो. खरं तर या प्रश्नावर बोलण्याचा माझ्याइतका अधिकार पंचक्रोशीत कुणाला नसेल. पण तो मला कसा मिळाला, हे दुकानाच्या पायरीवर उभ्याने सांगण्यासारखं नव्हतं.

मी आगाशीच्या बाजारात चष्म्याच्या दुकानात काम केलं. उमेदवारी करायला म्हणून गेलो आणि म्हातारा होऊन बाहेर पडलो. दुकान दामूकाकांचं. काका बागायतदार घराण्यातले. केळी आणि पानवेली भावांवर सोपवून ते या धंद्यात पडले होते. आताची काचेची चकचकीत दुकानं डोळ्यांसमोर आणू नका. आमचं दुकान म्हणजे पुढे एक काउंटर, दोन आरसे, भिंतीवर लाकडी खणांत फ्रेमी, आणि मागे पडदा लावलेली एक अंधारी लांबट खोली. त्या खोलीच्या टोकाला अक्षरांचा तक्ता आणि त्याच्यावर एक दिवा. गिऱ्हाइकाच्या नाकावर लोखंडी चौकट चढवायची, पेटीतली भिंगं एकेक करून तिच्यात सरकवायची आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय, की मघाशी?" ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी दुसरा तक्ता होता. त्याच्यावर तीन बोटांचे पंजे, कुठे वर, कुठे खाली, कुठे आडवे. माणसाने नुसता हात करून दाखवायचं. काही म्हाताऱ्या एवढ्या उत्साहाने हात करायच्या की तपासणी चालली आहे की कवायत, कळायचं नाही.

नंबर काढणं हे अर्धंच काम. काचा मुंबईहून घासून यायच्या, आठवडा लागायचा. त्या फ्रेमीत बसवल्या की खरी कसोटी, चष्मा माणसावर बसवणं. दोन माणसांचे कान एका उंचीवर नसतात. सांगितलं तर पटत नाही, पण एकाच माणसाचेही नसतात. काड्या गरम करून कानामागे अशा वळवायच्या की चष्मा ओघळणार नाही आणि टोचणारही नाही. एक काडी गव्हाभर चुकली तरी भिंगाचा मध्य डोळ्यासमोरून हलतो आणि गिऱ्हाईक दोन दिवसांनी डोकं धरून परत येतं. हे काम मला दामूकाकांपेक्षा चांगलं जमायचं. ते स्वतःच तसं सांगायचे. त्यामुळे माझ्या डोक्यात हवा गेली होती हेही खरं.

गिऱ्हाइकं एकेक नग. एक पानवेलवाले आजोबा वारलेल्या भावाचा चष्मा घेऊन आले आणि भांडायलाच लागले, "ह्यातनं त्याला दिसायचं, मग मला का नाय दिसत?" सख्ख्या भावांचे नंबर वेगळे असतात हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. आमच्या देवळातले, म्हणजे चर्चमधले, एक गृहस्थ फक्त रविवारी मिस्सेत वाचन करायचं म्हणून चष्मा करून गेले. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस तो शास्त्रवचनाच्या पुस्तकात खुणेसारखा राहायचा.

आणि मुलींच्या आया. त्या दुपारी बाजार निजला की यायच्या. मुलीला चष्मा लागला हे कळलं तर स्थळं येत नाहीत, ही त्यांची भीती, आणि ती खोटी नव्हती. एक आई चष्म्याचं घर साडीच्या दुकानातल्या कागदात बांधून द्या म्हणायची. घरी नेऊन तो चष्मा पेटीत पडायचा. मुलगी लग्न होईपर्यंत धुक्यात चालायची आणि लग्नानंतर सासरी बादल्यांना अडखळायची. मला राग यायचा. मी तो बोलून दाखवायचो आणि दामूकाका मला मागच्या खोलीत पिटाळायचे.

काकांचा एक नियम होता. दुकानात पांढरा शर्ट, बिनरेघांचा. सुरुवातीला मी एकदा पोपटी फुलांचा शर्ट घालून गेलो, तर त्यांनी मला सायकलवरून घरी परत पाठवलं. "गिऱ्हाइकाने वाचायचं ते तक्त्यावर," ते म्हणाले, "आपल्या अंगावर त्याने काही वाचावं असं ठेवायचं नाही." मला वाटलं, म्हाताऱ्याला रंगांचं वावडं आहे.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास माझे मेहुणे जहाजावरून सुट्टीला आले. त्यांनी माझ्यासाठी एक टी-शर्ट आणला होता. पिवळाधमक, आणि छातीवर दोन-दोन बोटं उंचीच्या काळ्या अक्षरांत इंग्रजी वाक्य. मराठीत सांगायचं तर, "काय बघतोस रे, कुरूप माणसा?" मेहुण्यांनी तो एका बंदरात गंमत म्हणून घेतलेला. मी पोट धरून हसलो. चष्म्याच्या दुकानातल्या माणसाला यापेक्षा चपखल शर्ट शोधून सापडला नसता, असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात दामूकाका पुतणीच्या लग्नासाठी नाशिकला गेले आणि दुकान माझ्या हवाली झालं. बुधवारी मी तो शर्ट घालून गेलो.

माझा हिशेब साधा होता. आमच्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांना इंग्रजी येत नाही. ज्यांना येतं त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणूनच ती आमच्याकडे येतात. उरलेल्यांना विनोद कळेल. तीन दिवस हा हिशेब बरोबर निघाला. कॉलेजातली दोन पोरं खिदळली आणि कुठे मिळाला विचारू लागली. जहाजावरून निवृत्त झालेल्या एका अंकलने पाठीवर थाप मारली. एका हायस्कूलच्या बाईंनी शर्ट वाचला, माझ्याकडे पाहिलं, काचा पुसायचं फडकं विकत घेतलं आणि गेल्या. शेजारचा कापडवाला म्हणाला, "अरे बस्त्याव, काका आल्यावर तुझं काही खरं नाही." मी म्हटलं, "काका मंगळवारी येणार. तोवर मीच काका."

शनिवारी सकाळी शेवंती आली.

ती मिठागराजवळच्या एका गावातली. त्या गावातून मॅट्रिक झालेली बहुधा पहिली मुलगी. वय बावीस-तेवीस. आदल्या आठवड्यात ती एकटी आली होती, आईशिवाय, भर बाजाराच्या वेळी, तेव्हाच माझ्या मनात भरली होती. मुंबईत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी तिला लागल्यात जमा होती. फक्त डॉक्टरी तपासणी राहिली होती, तीही सोमवारी. डोळ्यांत नापास झाली तर नोकरी गेली. नंबर काढला तर सहाच्या आसपास निघाला. सहा नंबरला हाताच्या अंतरापलीकडचं जग विरघळलेलं असतं. "शाळा कशी केलीत?" मी विचारलं. "पहिल्या बाकावर बसायचे. फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून," ती म्हणाली. चष्मा तिने जन्मात घातला नव्हता. आईने घालू दिला नव्हता, कारण एक अडचण आधीच होती. लहानपणी देवी आल्या होत्या आणि चेहराभर वण राहिले होते.

हे मी आता सांगतोय, पण त्या वेळी चेहऱ्याकडे माझं लक्ष होतं असं म्हणवत नाही. आम्हाला गिऱ्हाइकाचं नाक आणि कान दिसतात. बाकीचा चेहरा त्यांना धरून ठेवायला असतो. काचा सोमवारच्या आत याव्यात म्हणून मी मुंबईला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला दोनदा पिटाळलं होतं. चष्मा वेळेत तयार झाला याचा मला कोण अभिमान होता.

तिला स्टुलावर बसवलं. चष्मा पुसला, नाकावर ठेवला. आणि रोजच्या सवयीने, प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो तसं, दोन पावलं मागे सरकून विचारलं, "समोर बघा. काय दिसतंय?"

समोर मी होतो.

ती वाचू लागली. एकेक शब्द सुटा करून, शाळेत उभं राहून धडा वाचावा तसा. ऑपरेटरच्या नोकरीसाठी ती रोज मोठ्याने इंग्रजी वाचायचा सराव करत होती, हे मला नंतर कळलं. वाचता येतंय याचा आनंद आवाजात होता. शेवटचा शब्द तो 'कुरूप'वाला. त्याच्याशी ती थांबली. मग तोही तिने वाचला, हळू, पण स्पष्ट.

तीन दिवसांत एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. आमच्या दुकानात येणाऱ्याला दिसत नसतं, पण त्याला दिसू लागतं तेही आमच्याच दुकानात. आणि त्या क्षणी त्याच्या समोर, दोन पावलांवर, आम्हीच उभे असतो. दामूकाकांच्या पांढऱ्या शर्टाचं कारण हे होतं. धंद्यातली ही पहिली गोष्ट, आणि इतकी वर्षं काड्या वळवून मला ती कळली नव्हती.

तिने चष्मा काढला. काड्या नीट मिटल्या, काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "नको." मी काहीतरी बडबडलो. शर्ट मेहुण्यांचा आहे, गंमत आहे, तुमच्यासाठी नाही वगैरे. ती तोवर पायरी उतरली होती. मी मागे धावलो तेव्हा एसटी सुटत होती. मी बसमागे धावत होतो आणि स्टँडवरची माणसं माझी छाती वाचत होती.

त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. घरी जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "मेल्या, आता मला कशाला सांगतोस? जिला सांगायचं तिला सांग." रात्रभर सोमवार डोक्यात होता. ती तशीच जाणार, तक्त्यासमोर उभी राहणार, वरचं एकच अक्षर ओळखणार. त्या नोकरीवर एका घराचं काय काय अवलंबून असेल ते मला ठाऊक नव्हतं, पण मिठागरावरची घरं मी पाहिली होती.

रविवारी मिस्सेनंतर पांढरा शर्ट घालून मी सायकल काढली. चष्मा खिशात. विचारत विचारत घर सापडायला तास लागला. दारात तिची आई सुकट निवडत होती. तिने मला खालून वर न्याहाळलं.

"कोन पायजे?"

"आगाशीहून आलो. चष्म्याच्या दुकानातला."

तिने सूप खाली ठेवलं. "तूच काय तो? कालपास्नं पोरीनं तोंडात पानी घेतला नाय. काय झाला ता सांगत पन नाय. काय बोल्लास तिला?"

मी सगळं सांगितलं. शर्टावर काय लिहिलं होतं त्याचं मराठी करून सांगितलं. आयुष्यात मी इतकं कठीण भाषांतर केलेलं नाही. ती बाई मारते की काय असं वाटलं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. पण ती नुसती म्हणाली, "ह्या चेहऱ्यापायी चार जनांनी नाय म्हटला. कोनी सदऱ्यावर लिवून नव्हता आनला." आणि आत वळून हाक मारली, "शेवंती! ये भायेर."

शेवंती आली आणि उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. डोळे सुजलेले होते. मी माफी मागितली. जी वाक्यं वाटेत जुळवली होती ती सगळी विसरलो आणि "माझं चुकलं" एवढंच दोन-तीनदा म्हणालो.

"तो शर्ट माझ्यासाठी नव्हता, हे मला कळतं," ती म्हणाली. "मी त्या शर्टासाठी नाही रडले."

"मग?"

"आरशात मी नाकाला नाक लावून बघते. तेवढ्यात जेवढं दिसतं तेवढंच मला माहीत होतं. मला वाटायचं, लांबून मी लोकांना पुसटच दिसत असेन. ते मला दिसतात तशी." मग ती म्हणाली, "काल चष्मा लावल्यावर तुमच्या गळ्यावरचा तीळसुद्धा दिसला. सगळ्यांना असंच दिसत होतं? कायम?"

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तुम्ही छान दिसता वगैरे म्हटलं असतं तर तिने दार लावलं असतं. खोटं कोण बोलतंय हे ओळखायला तिला चष्मा लागत नव्हता. मला लाज वाटली आणि फार वाईटही वाटलं, पण ते तिच्यासमोर मांडत बसण्याची ती जागा नव्हती. मी खिशातून चष्मा काढला. "उद्या तपासणी आहे," मी म्हटलं. "हा घालून जा."

"ठेवा तिथे. तुम्ही गेल्यावर घालीन."

"तसं चालत नाही. अजून बसवलेला नाही. ओघळला तर भिंगाचा मध्य सरकेल आणि खालची ओळ दिसणार नाही. मला तो डोळ्यांवर बघावा लागेल."

"तुम्ही बघायचं नाही," ती म्हणाली. रागाने नव्हे, एक अट सांगावी तसं. "डोळे मिटून बसवता येत असेल तर बसवा."

मी तिच्या आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "ऐकलास ना? मीट डोले."

मग आम्ही असं केलं. शेवंती बाहेर ओटीवर येऊन बसली आणि मी एका भांड्यात कढत पाणी मागितलं. काड्या त्यात बुडवायच्या, तेवढ्यापुरती तिच्याकडे पाठ. मग डोळे मिटून वळायचं. आई माझं मनगट धरून हात तिच्या कानापाशी न्यायची. बोटांनी कानामागचा खळगा चाचपायचा, काडी कुठे टेकते, कुठे उचलते ते बघायचं, म्हणजे बघायचं नाहीच. डावा कान उजव्यापेक्षा किंचित वर होता. नाकावर पट्टी एका बाजूला दाबत होती. चष्मा काढून पाठ फिरवायची, पाणी, वाकवणं, पुन्हा मिटलेल्या डोळ्यांनी वळणं. तीन वेळा केलं. त्या सगळ्या वेळात चष्मा लावून ती माझ्याकडे अगदी जवळून, हवं तेवढं बघत होती. मला ते जाणवत होतं आणि मला डोळे उघडायची परवानगी नव्हती. इतकी वर्षं लोकांच्या चेहऱ्यापाशी वाकून मी काम केलं होतं. आपल्याला कुणी असं बघितलं तर कसं वाटतं, ते मला त्या ओटीवर कळलं.

"मान हलवा," मी म्हटलं. "खाली वाका. आता ओघळतोय?"

"नाही."

"टोचतोय?"

"नाही."

"लांब बघा. काय..." मी तिथेच थांबलो. तो प्रश्न माझ्याने पुरा होईना.

शेवंतीच स्वतःहून म्हणाली, "मिठाचे ढीग दिसतात. आणि त्यांच्यावर बाबा आहेत. त्यांनी डोक्याला लाल फडकं बांधलंय." मग आईला म्हणाली, "आई, तू सांगायचीस ना लाल आहे म्हणून." माझ्या मनगटावरचा आईचा हात घट्ट झाला.

मग शेवंतीचा आवाज आला, "आता उघडा." मी उघडले तेव्हा चष्मा तिच्या हातात होता, मिटलेला.

दामूकाका मंगळवारी आले. कापडवाल्याने त्यांना पायरीवरच गाठून सगळं सांगितलं होतं. ते चिडतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी पिशवी ठेवली, टोपी खुंटीला लावली आणि विचारलं, "घातला तिने?"

"घातला."

"कसा बसला?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

एवढ्या वर्षांत असं उत्तर मी त्यांना कधी दिलं नव्हतं. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग तपासणीच्या खोलीचा पडदा सरकवून आत गेले. शर्टाचा विषय त्यांनी कधीच काढला नाही. तो शर्ट माझ्या आईने फरशी पुसायला घेतला. छपाई पक्की होती, दोन पावसाळे अक्षरं गेली नाहीत.

शेवंती तपासणीत पास झाली. हे मला तिच्या आईने बाजारात गाठून सांगितलं आणि वर पिशवीभर सुकट दिली. पुढे शेवंतीचा नंबर दोनदा वाढला. दोन्ही वेळा मुंबईच्या डॉक्टरांचा कागद घेऊन तिचा भाऊ आला. मुंबईत पावलोपावली चष्म्याची दुकानं असताना चष्मा आमच्याकडेच करून हवा, असा तिचा निरोप असायचा. डावी काडी किती वर आणि नाकाची पट्टी कुठे सैल, हे माझ्या बोटांना पाठ होतं. मी तसा वळवून द्यायचो. दोन्ही वेळा भावाने सांगितलं, ताई म्हणाली, एकदम बरोबर बसला.

ती स्वतः दुकानात पुन्हा कधी आली नाही. मी केलेले तीन चष्मे तिने वापरले, आणि नीट बसवल्यावर त्यांतला एकही मी तिच्या डोळ्यांवर पाहिलेला नाही.